उपेक्खा म्हणजे उपेक्षाच का? हा शब्द आला कुठून?

तुम्ही विचारलंय की बौद्ध धम्मात उपेक्खा म्हणजे मनाची शांती, समतोल असं सगळे सांगतात पण मराठीत उपेक्षा म्हणजे तर दुर्लक्ष, मग हे शब्द एकच की वेगळे. सेम हाच प्रश्न मला 2017 मध्ये मोठ्या मायनं विहारात सगळ्यांसमोर विचारला होता. गाव आमचं यवतमाळ जिल्ह्यात. वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमा ते अश्विन पौर्णिमा, संध्याकाळी विहारात बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतात आणि शिकलेला पोरगा म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. दहा पारमिता, म्हणजे अंगी बाणवायचे दहा सद्गुण, आल्या, मी उपेक्खा वाचलं तशी मोठी माय म्हणे, "काहून रे, कोणाची उपेक्षा करणं चांगलं असते का? बुद्ध असं कायले शिकवन?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली, मलाच कुठं माहीत होतं.

तर शब्द एकच आहे. संस्कृतात उपेक्षा, पालीत उपेक्खा. भिक्षुचा भिक्खु, चक्षुचा चक्खु होतो तसंच, क्ष चा क्ख. आता फोड करून पाहा, उप म्हणजे जवळ आणि ईक्ष् म्हणजे पाहणं. परीक्षा, प्रतीक्षा, निरीक्षण, समीक्षा, अपेक्षासुद्धा, सगळ्यांच्या पोटात हाच ईक्ष् बसलेला आहे. म्हणजे शब्दात 'पाहणं' आहे, तोंड फिरवणं नाही! पण माणूस नुसता पाहत राहिला, केलं काहीच नाही, तर लोक त्याला दुर्लक्षच म्हणणार ना, तसा तो अर्थ संस्कृतातच चिकटला होता आणि मराठीनं नेमका तेवढाच उचलला. चांगला अर्थ फक्त बौद्धांकडे राहिला असंही नाही बरं, बौद्ध ज्या चार भावना एकत्र सांगतात त्या मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा, ही चारही नावं पतंजलीच्या योगसूत्रात एकाच सूत्रात आहेत (1.33).

या घोळाची जाणीव जुन्या लोकांनाही होती. पाचव्या शतकात बुद्धघोष या बौद्ध पंडितांनी विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथात लिहिलंय की उपेक्खेचा एक दूरचा शत्रू असतो, म्हणजे राग-लोभ, आणि एक जवळचा, तो म्हणजे अज्ञानातून आलेली बेपर्वाई. जवळचा अशासाठी की दिसायला अगदी तिच्यासारखाच. आणि बाबासाहेबांनी तर सरळच सांगितलंय की ही अलिप्तता म्हणजे बेफिकिरी नाही, फळ काय मिळते त्यानं हलायचं नाही पण काम करत राहायचं. हे वाक्य त्या दिवशी माझ्याच तोंडून वाचून झालं होतं, डोक्यात मात्र शिरलं नव्हतं.

मराठीत सांगायचं झालं तर मी समता म्हणतो, विपश्यनेवालेही तेच म्हणतात. तटस्थता मला पटत नाही, तट म्हणजे काठ, काठावर उभा राहणारा माणूस कोरडाच राहतो.

मला हा शब्द समजला तो मात्र वावरात. त्याच साली दिवाळीच्या आसपास आमच्याकडे गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं पीक, खाल्ली. ही अळी बोंडाच्या आत असते, वरून बोंड हिरवंगार, फोडल्याशिवाय कळत नाही. अर्ध्या गावानं वावरात जाणंच सोडलं, "पाहून काय करतं, जीव जळते नुसता." मोठी माय रोज सकाळी जायची. वेगवेगळ्या झाडांची वीस बोंडं तोडायची, धुऱ्यावर बसून एकेक फोडायची, किती किडकी निघाली ते मोजायची, किडकी थैलीत भरून जाळायची आणि घरी येऊन भाकरी थापायची. रडणं नाही, कोणाला शिव्या नाही, "होईन नीट" असंही नाही. बाकीच्यांचं वावर पाहणंच बंद झालं होतं आणि ती रोज जवळ जाऊन पाहत होती. कापूस शेवटी कमीच झाला, ते काही टळलं नाही.

नंतर कधीतरी मी तिला म्हटलं, मोठी माय, तू विहारात विचारलं होतं ना, ते उपेक्खा म्हणजे तू वावरात करत होती ते.

तर म्हणे, "मी तं बोंडं पाहत होती बाप्पा."