आपल्या रुग्णांचे नमुने परदेशी प्रयोगशाळांना द्यायचेच कशाला?

तुम्ही विचारलंय की नव्या साथी रोखायला देशोदेशींच्या शास्त्रज्ञांचं सहकार्य खरंच कामी येतं का, की नमुने आपले घेऊन लस मात्र तेच आपल्याला विकतात. तुमचा दुसरा अर्धा प्रश्न माझे धाकटे दीर मला वीस वर्षं ऐकवतायत. म्हणून लिहायला बसले.

मी बडोद्याची. दांडिया बाजारात घर, आणि निवृत्त होईपर्यंत एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये टेक्निशियन. २००४ च्या पावसाळ्यात पूर्वेकडच्या आदिवासी पट्ट्यातून पोरं यायला लागली. ताप, उलट्या, झटके, बेशुद्धी, आणि एक-दोन दिवसांत सगळं संपलेलं. चारातली तीन जायची. एक बाप पोराला खांद्यावर टाकून आला. "सवारे तो रमतो'तो, बेन," सकाळी तर खेळत होता, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. पोरगा सहा वर्षांचा. रात्री गेला.

त्याचं रक्त आणि मणक्यातलं पाणी मीच व्हायलमध्ये भरलं, लेबल लावलं. पुण्याला एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेत, पाठवायचं होतं. आदल्याच वर्षी आंध्रात अशा साथीत ३२९ मुलं आजारी पडली होती, त्यातली १८३ दगावली, आणि कारण पुण्यानं शोधलं होतं: चांदीपुरा विषाणू. आमचा संशय तोच. पण शनिवारची दुपार, आणि पत्रावर सही हवी. साहेब म्हणाले, "आधी काय आहे ते कळू दे, उगाच बाहेर बोभाटा नको. सोमवारी बघू." काय आहे ते कळावं म्हणूनच पाठवायचं होतं, हे मी बोलले नाही. बोलायला हवं होतं.

उणे सत्तरचा फ्रीझर आमच्याकडे नव्हता. नमुना साध्या फ्रीजमध्ये ठेवला. रविवारी पावसात लाइट गेली ती संध्याकाळी आली. मी दुपारी छत्री घेऊन गेले, घरचा बर्फ थर्मासात भरून त्यात व्हायल ठेवल्या. डबा मंगळवारी पुण्याला पोचला. आठ दिवसांनी कागद आला: नमुना तपासणीयोग्य नाही. नंतरच्या मुलांचे नमुने नीट गेले आणि चांदीपुराच निघाला. त्या एका पोराचं मात्र कायमचं राहिलं. त्याचा बाप आज समोर आला, तर तो कशानं गेला हे मला सांगता यायचं नाही.

त्याच दिवाळीत भावजी फराळाला आले आणि म्हणाले, "वहिनी, बरंच झालं पुण्यापर्यंतच गेलं. पुण्याहून अमेरिकेला गेलं असतं." मी पानावरून उठून गेले होते.

भावजींना तेव्हा दिलं नाही ते उत्तर आता देते. चांदीपुरा हे नाव आपल्या नागपूरकडचं. १९६५ मध्ये तिथल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात तो सापडला. शोधणारं पुण्याचं केंद्र १९५२ मध्ये आयसीएमआर ही आपली वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेचं रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून काढलेलं, त्याचीच पुढे एनआयव्ही झाली. तोच विषाणू आफ्रिकेत सेनेगलमधल्या सँडफ्लायमध्येही मिळाला. भिंतीच्या भेगांत राहणारी, डासाहून लहान अशी ही माशी. नागपूरचा आणि सेनेगलचा विषाणू एकच, हे दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय कळत नाही.

आणि उशिराची किंमत सगळीकडे सारखीच. ११ जानेवारी २०२० ला शांघायचे विषाणूशास्त्रज्ञ चांग योंगचेन यांनी ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ एडवर्ड होम्स यांच्यामार्फत कोरोनाचा जनुकीय आराखडा जगासमोर ठेवला. काही दिवसांत त्यावरून जगभर चाचण्या तयार व्हायला लागल्या. दुसऱ्याच दिवशी चांग यांची शांघायची प्रयोगशाळा 'सुधारणेसाठी' बंद करायला लावली. हे वाचलं तेव्हा मला माझा शनिवार आठवला. नमुना किंवा माहिती दाबून ठेवणारा माणूस देशाचं रक्षण करतो, हे मला कधीच पटणार नाही.

भावजींचं एक मात्र मानते, आणि ते आधीच मानायला हवं होतं. इंडोनेशियानं बर्ड फ्लूचे नमुने देणं थांबवलं, कारण त्यांच्याच विषाणूवरून एक ऑस्ट्रेलियन कंपनी लस करत होती आणि ती त्यांना परवडणार नव्हती. राग खरा होता. त्यातूनच २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेत फ्लूपुरती नियमांची चौकट झाली: नमुने वापरणाऱ्या कंपन्यांनी लशी किंवा पैसे परत द्यायचे. दक्षिण आफ्रिकेनं नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमायक्रॉनची खबर तत्परतेनं दिली, तर बक्षीस म्हणून विमानं बंद झाली. तो सरळ अन्याय होता. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेत महामारी करार मंजूर झाला. त्यात, महामारी आली की सहभागी कंपन्यांच्या लस-औषध उत्पादनाचा २० टक्के हिस्सा संघटनेला मिळावा, त्यातला किमान अर्धा फुकट, असं आहे. पण नमुने कसे द्यायचे-घ्यायचे ते परिशिष्ट तेव्हा पुढे ढकललं. म्हणजे भावजींचा अर्धा मुद्दा जगानंही मान्य केलाय. पण त्याचा इलाज परत काय मिळणार ते लिहून घेणं हा आहे. डबा अडवणं हा नाही.

२०२४ मध्ये गुजरातेत चांदीपुरा पुन्हा आला. जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत देशभरात मेंदूज्वराचे २४५ रुग्ण, ८२ मृत्यू. ६४ जणांत चांदीपुरा पक्का झाला. साठ वर्षं झाली, लस अजून नाही. गरीब पोरांच्या आजाराची लस एकट्या देशाच्या बाजारावर निघेल असं मला वाटत नाही, भावजी कितीही म्हणोत.

तुम्ही विद्यार्थी असाल तर करार जरूर वाचा. पण आधी तुमच्या जिल्ह्याच्या रुग्णालयात जाऊन विचारा: शनिवारी दुपारी नमुना निघाला तर तो प्रयोगशाळेत कधी पोचतो, तोवर कशात ठेवतात, आणि सही कोण करतं.