योग एकाच शिक्षकाकडे शिकावा की अनेकांकडे?

आपण लिहिले आहे की ऐरोलीत सोसायटीच्या सभागृहात आठवड्यातून पाच दिवस आपला योगवर्ग असतो, रविवारी आपण ठाण्यात दुसऱ्या एका वर्गाला जाता आणि घरी मोबाइलवर तिसऱ्याच शिक्षकांचे पाहून कपालभाती करता. तिघांच्या सूचना जुळत नाहीत, वय पन्नाशीच्या पुढे आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे, आणि अशा स्थितीत एकच गुरू धरावा की मिळेल तेथून शिकत राहावे, हा आपला प्रश्न आहे.

मी ठाण्यात नौपाड्यात राहते. बरीच वर्षे एका वर्गात आधी साधक म्हणून आणि आता साहाय्यक शिक्षिका म्हणून जाते. माझे मत स्पष्ट आहे: पहिली दोन-तीन वर्षे तरी एकाच शिक्षकाकडे शिकावे. हे मी गुरुनिष्ठेच्या भावनेने सांगत नाही. आपले शरीर महिनोन्‌महिने पाहणारी आणि काल काय सांगितले होते ते लक्षात ठेवणारी एक व्यक्ती असल्याशिवाय आसनातील दुरुस्ती होत नाही, हे मी रोज पाहते, म्हणून सांगते.

त्रिकोणासनाचेच पाहा. उजवीकडे झुकताना बहुतेकांचा डावा खांदा पुढे पडतो, पण तो पडण्याचे कारण प्रत्येकाचे निराळे असते. कोणाच्या मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असतात, कोणाचे पाऊल आतल्या बाजूला कलते, तर कोणी हात जमिनीला टेकलाच पाहिजे या हट्टाने कंबरेतच मोडतो. आमच्या वर्गातील एका काकूंना बाईंनी सुरुवातीला घोट्याशेजारी ठोकळा उभा ठेवून त्यावर हात टेकायला सांगितले होते. खांदा थोडा मागे आला, पण टिकेना. काही आठवड्यांनी बाईंनी ठोकळा तसाच ठेवला आणि काकूंना भिंतीजवळ नेऊन मागच्या पायाची टाच भिंतीला दाबून उभे राहायला सांगितले, कारण झुकण्याच्या क्षणी ती टाच किंचित उचलली जाते आणि खांद्याचा तोल तिथेच जातो, हे तोवर त्यांच्या ध्यानात आले होते. रविवारी एकदाच भेटणाऱ्या नव्या शिक्षकाला, तो कितीही जाणकार असला तरी, फक्त खांदा दिसला असता आणि त्याने योग्यच म्हणून खांद्याचीच सूचना दिली असती. मोबाइलवरच्या शिक्षकाला तर खांदाही दिसत नाही.

आता सूचना जुळत नाहीत त्याविषयी. आपल्या तिघांपैकी कोणी तरी चुकत असलेच पाहिजे, असे समजण्याचे कारण नाही. म्हैसूरचे योगाचार्य कृष्णमाचार्य (1888–1989) यांच्याकडे बी. के. एस. अय्यंगार, पट्टाभि जोइस आणि कृष्णमाचार्यांचेच चिरंजीव देशिकाचार असे तिघेही शिकले. तरीही अय्यंगार पद्धतीत एकेका आसनात बराच वेळ थांबून पट्टा, ठोकळे, खुर्ची यांच्या साहाय्याने शरीराची रचना घडवली जाते, जोइस यांच्या अष्टांग विन्यासात आसनांचा क्रम ठरलेला असून श्वासाच्या तालावर एकातून दुसऱ्यात जायचे असते, आणि देशिकाचारांनी व्यक्तीनुसार अभ्यास बेतण्यावर भर दिला. कृष्णमाचार्यांनी म्हैसूरला राजवाड्याच्या आश्रयाने तरुण मुलांना शिकवले ते जोमदार होते, तर पुढे मद्रासमध्ये आजारी आणि वयस्क माणसे समोर आली तेव्हा त्यांचे शिकवणेही बदलले. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर परमहंस माधवदासजी या एकाच गुरूंच्या दोन शिष्यांपैकी श्रीयोगेंद्रांनी 1918 मध्ये मुंबईत योग संस्था सुरू केली आणि स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन करून योगाचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला. एकाच झऱ्याचे पाणी इतक्या वाटांनी जाते, हे मला फार आश्वासक वाटते.

अडचण येते ती या वाटा एकाच सकाळी एकत्र केल्यामुळे. प्रत्येक पद्धतीची सुरक्षितता तिच्या क्रमात असते. अय्यंगार परंपरेत आसने स्थिर होईपर्यंत प्राणायामाची घाई करत नाहीत. बिहार योग परंपरेत साधे श्वसन आणि नाडीशोधन, म्हणजे नाकपुड्या आलटूनपालटून श्वास घेणे-सोडणे, बरेच लवकर येते, परंतु तिथे आसनेही सौम्य गटांपासून सुरू होतात. एकीकडची तीव्र आसने आणि दुसरीकडचा लवकरचा प्राणायाम घेतला, तर दोन्हीकडचा सांभाळ निघून जातो आणि उरतो तो फक्त ताण. योगसूत्रांत पतंजलींनी अभ्यास दृढ होण्यासाठी दीर्घकाळ, खंड न पडू देता आणि आदरपूर्वक तो करावा असे म्हटले आहे. यातले ‘खंड न पडणे’ हाजिरीपुरते नाही, ते पद्धतीलाही लागू आहे असे मी मानते.

याचा अर्थ दुसऱ्या कोणाकडे पाहूच नये असा नव्हे. अवधूताने चोवीस गुरू केले ती कथा भागवताच्या अकराव्या स्कंधात आहे आणि तिच्यावर मराठीत सविस्तर टीका लिहिणारे एकनाथ स्वतः जनार्दनस्वामींचे एकनिष्ठ शिष्य होते. या दोन्ही गोष्टी एका माणसात सुखाने नांदल्या. कुवलयानंदांनीही माधवदासजींकडे जाण्यापूर्वी बडोद्याला राजरत्न माणिकरावांकडे व्यायामाचे शिक्षण घेतले होते. आपल्या शिक्षकाचा एखाद्या विषयात अभ्यास नसेल, तर तेवढ्यासाठी दुसरीकडे जावे, आणि त्यांना सांगून जावे. ठाण्यात याची सोय उत्तम आहे. घंटाळी मित्र मंडळात 1965 पासून योगाचे काम चालू आहे, आणि जलनेती (पाण्याने नाक धुणे) किंवा वमनधौती (पाणी पिऊन ते उलटून टाकणे) यांसारख्या शुद्धिक्रिया शिकायच्या असतील, तर हठयोगी निकम गुरुजींच्या परंपरेतील अंबिका योग कुटीरसारखी संस्था इथेच आहे. प्रश्न घेऊन गेलेला साधक एका भेटीतही पुष्कळ घेऊन येतो. नुसता फिरत राहणारा प्रत्येक ठिकाणी पहिल्याच धड्यावर राहतो.

एकच शिक्षक धरताना तो पारखून धरावा. आधी आजारांविषयी विचारतो का, सगळ्यांना एकच मात्रा देतो का, पाठीवर बसून किंवा पाय ओढून आसन ‘पूर्ण’ करून घेतो का, आणि डॉक्टरांनी सांगितलेले मोडीत काढतो का, एवढे पाहावे. शेवटच्या दोन गोष्टींपैकी एक जरी दिसली, तरी कितीही नावाजलेला वर्ग असो, सोडावा.

आपल्या बाबतीत मी सोसायटीचा वर्ग धरला असता. पाच दिवस भेटणाऱ्या शिक्षकाकडेच आपल्याला ओळखण्याइतका वेळ आहे. ते प्रशिक्षित आहेत का आणि वर्गात किती जण असतात, याची मात्र चौकशी करावी. चाळीस-पन्नास जणांत ते चटयांमधून फिरत नसतील, तर उलट रविवारचा लहान वर्ग मुख्य मानावा आणि तिथे शिकवलेलेच इतर दिवशी घरी करावे. ठाणे-वाशी मार्गाची लोकल रविवारी सकाळी बरी असते, त्यामुळे ते अवघड जाऊ नये.

मोबाइलवरचे कपालभाती मात्र तूर्त पूर्ण थांबवावे. हठयोगाच्या ग्रंथांत कपालभातीची गणना षट्कर्मांत, म्हणजे शुद्धिक्रियांत केलेली आहे. त्यात उच्छ्वास पोटाच्या झटक्याने बाहेर टाकायचा आणि श्वास आपोआप आत येऊ द्यायचा असतो. पडद्याकडे पाहून करणारे अनेक जण श्वासही जोराने ओढतात आणि गती वाढवत नेतात. उच्च रक्तदाब असताना कपालभाती, भस्त्रिका (भात्यासारखा जोरकस श्वासोच्छ्वास), दीर्घ कुंभक (श्वास रोखून धरणे) आणि शीर्षासन-सर्वांगासन यांपैकी काहीही डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय आणि शिक्षक समोर नसताना करू नये. गोळीचे नाव आणि मात्रा कागदावर लिहून उद्याच्या वर्गाआधी शिक्षकांना द्यावी, आणि योगाने बरे वाटू लागले म्हणून ती गोळी आपल्या मनाने कमी करू नये.