“पडतील की!”

दातांचा आणि समुपदेशनाचा काय संबंध, असं कुणीही विचारेल. पण ब्रशवरून घरात रोज सकाळी कुस्ती होते म्हणून लातूरला माझ्याकडे येणाऱ्या आया कमी नाहीत. आणि प्रत्येकीच्या बोलण्यात सासूचं नाहीतर शेजारणीचं एक वाक्य हमखास येतं: “दुधाचेच दात ते, पडतील की!”

त्यांतल्याच एकीची ही गोष्ट, ओळख लागू नये इतपत बदललेली. रात्रपाळी करणारी नर्स. लेकरू साडेतीन वर्षांचं. वरचे समोरचे चार दात हिरडीपाशी काळे पडलेले. ब्रश दिसला की ते ओठ घट्ट मिटायचं; मग बाप हात धरायचा आणि ही तोंड उघडायची. एकदा कडकडून चावलं, तेव्हा आली.

“मॅडम, लई हट्टी झालंय.”

“तुमचे हातपाय धरून कुणी तोंडात काही घातलं तर?”

ती हसली नाही. “मग काय, सडू देऊ दात?”

प्रश्न रास्त होता. माझंच वाक्य जरा पुस्तकी झालं होतं. त्यांना आधी दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं. कीड समजावून घालवता येत नाही.

लेकराची तक्रार आली की आधी घर बघायचं, ही माझी जुनी सवय. तिसऱ्या वेळी म्हटलं, सासूबाईंना आणा.

आजी आल्या. मिश्रीने काळवंडलेले मोजके दात, बोलताना तोंडावर पदर. मी दातांचं नाव काढलं नाही. एवढंच विचारलं, “ही ड्यूटीला गेल्यावर रात्री लेकरू तुमच्यापाशीच झोपायचं?”

बराच वेळ त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

“मायची आठवण काढून रडायचं. म्या साखर घालून दुधाची बाटली द्यायची. तशीच तोंडात राहायची रातभर. दात म्याच घालवले त्याचे.”

“पडतील की!” या ज्या वाक्यावरून सून वर्षभर चिडत होती, तो म्हातारीने स्वतःलाच दिलेला धीर होता. मला ते तिथे, त्या पदराच्या टोकाकडे बघताना कळलं. इतकी वर्षं मीही ते वाक्य अडाणीपणात जमा करत आले होते.

सून हळूच म्हणाली, “मामी, मी तरी कुठं होते घरी?”

त्यानंतरचं काम सोपं होतं. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे बाटलीतलं गोड दूध दातांवर साचून राहतं आणि वरचे पुढचे दात आधी किडतात. हिरडीलगत पांढुरके डाग दिसले की तेव्हाच खरं तर डॉक्टर गाठायचा; काळं पडायची वाट बघायची नाही. आणि “पडतील की” हेही अर्धंच खरं. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. किडून लवकर काढावी लागली, तर शेजारचे दात सरकतात आणि खालून येणाऱ्याला जागा उरत नाही. सहाव्या वर्षी सगळ्यात मागे एक दाढ काहीही न पडता गुपचूप येते. ती दुधाची समजून घरोघर दुर्लक्षित होते, आणि असते कायमची.

बाटली एकदम हिसकावू नका म्हटलं. साखर रोज थोडी कमी करत बंद करा, मग बाटलीत नुसतं पाणी. तीन वर्षांपर्यंत फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. सात-आठ वर्षांचं होईपर्यंत रात्रीचा ब्रश मोठ्यांच्याच हातात. त्याने आधी खुशाल खेळावं.

पण धरायचं कसं? तेही आजींनाच सुचलं. टाळूला तेल घालताना घ्यायच्या तसं त्यांनी लेकराचं डोकं मांडीवर घेतलं. वरून तोंडातलं सगळं दिसतं, हातपाय मोकळे राहतात. अट लेकराची: आधी तो आजीचे दात मोजणार, मग आजी त्याचे.

महिनाभराने तिघं आले. चार दातांवर उपचार सुरू होते. खुर्चीवर चढून त्याने मला हिशेब दिला, “आजीचे सात, माझे वीस.”

आजींची मिश्री मात्र सुटलेली नाही. नातू रोज विचारतो म्हणे, आठवा कधी येणार?