रोजची सुखदुःखं ऑनलाइन मैत्रिणींना सांगावीत का, की त्या कंटाळतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: देवगड तालुक्यात सासरी राहता, यजमान मुंबईला. चार मैत्रिणी आहेत, तीन वर्षांच्या ओळखीच्या, चौघीही फोनवरच्याच. गेल्या आठवड्यात वळवाच्या सरीत खळ्यात वाळत घातलेली कोकमाची सोलं भिजली, सासूबाई बोलल्या, आणि रात्री तुम्ही गटात लिहिलंत, "आज सगळंच नको झालंय. कशातच अर्थ नाही." दोन दिवस कुणी काही बोललं नाही. नणंद म्हणाली, घरातलं चव्हाट्यावर मांडलंस की असंच होणार. आता विचारताय, सांगणं बंद करू का.

बंद करू नका. खरं तर 'चव्हाटा' हा शब्द वाचला म्हणून लिहायला बसले. त्याच्याकडे नंतर येते.

आधी ते दोन दिवस. व्हॉट्सॅपच्या गटात दुसरी टिक येते ती मेसेज गटातल्या प्रत्येकीच्या फोनवर पोचल्यावर, आणि टिका निळ्या होतात त्या सगळ्यांनी वाचल्यावर. एकीचा फोन बंद असला तरी एकच टिक दिसत राहते आणि आपण समजतो कुणाला पोचलंच नाही. मेसेजवर बोट दाबून धरा आणि त्याची माहिती उघडा. कुणाला पोचला, कुणी वाचला, हे नावानिशी आणि वेळेसकट दिसतं. आपल्याकडे वळवात आधी वीज जाते, मग टॉवरची बॅटरी उतरली की रेंज. घड्याळाचं चिन्ह दिसत असेल तर मेसेज तुमच्याच फोनमध्ये अडकलेला असतो. अशा दिवशी फोटो नको, व्हॉइस मेसेज नको, नुसती अक्षरं लिहा. एक-दोन काड्यांवरही ती निघतात.

पण चौघींनी वाचलं होतं आणि तरी गप्प होत्या, असं निघालं तर? तर दोष मैत्रिणींचा नाही, मेसेजचा. "सगळंच नको झालंय" याला काय उत्तर द्यायचं? वाचणारीला काय घडलं ते कळत नाही, किती गंभीर आहे ते कळत नाही, आपण काय करावं तेही कळत नाही. ती घाबरते, नंतर नीट लिहू म्हणते आणि ते नंतर राहून जातं. चौघी असल्या की प्रत्येकीला वाटतं दुसरी बोलेल.

दुःख कसं सांगावं हे आपल्या गावात कुणाला शिकवावं लागत नाही. देवळात गाऱ्हाणं ऐकलंय ना? "बा देवा म्हाराजा" म्हणून सुरुवात. म्हणजे कुणाशी बोलतोय ते ठरलेलं. मग कुणाचं गाऱ्हाणं, कुठल्या घरचं, काय अडलंय. मग मागणं, तेही नेमकं: अमक्याच्या पोराला नोकरी लागू दे, तमकीची कूस उजव. आणि प्रत्येक वाक्याला जमलेले लोक म्हणतात, "व्हय म्हाराजा!" कुणी उपाय सुचवत नाही, कुणी "माझं तर याहून वाईट झालं" म्हणत नाही. ऐकलं, एवढीच पोच देतात. सल्ला हवा असेल तर देवाला कौल लावायचा, ती रीत वेगळी: एक प्रश्न, उत्तर उजवं की डावं, म्हणजे होकार की नकार.

गटात हे दोन शब्द ठरवूनच टाका. मेसेजच्या सुरुवातीला लिहायचं, 'गाऱ्हाणं' किंवा 'कौल'. गाऱ्हाण्याला फक्त पोच द्यायची, कौलाला स्पष्ट मत. ऑनलाइन मैत्रीतले निम्मे रुसवे यातूनच होतात. एकीला नुसतं बोलायचं असतं आणि दुसरी पाच उपाय पाठवते.

तुमचाच मेसेज असा लिहिता आला असता:

"गाऱ्हाणं. दुपारी तीनला वळीव आला. खळ्यात पाच किलो सोलं होती, कोकमाच्या रसाचं तिसरं पुट देऊन वाळत घातलेली. मी आत मुलाला भरवत होते, धावेपर्यंत सगळी भिजली. सासूबाई म्हणाल्या, तुझं लक्षच नसतं. मी उलट काही बोलले नाही, पण ते दिवसभर टोचतंय. सल्ला नको, उद्या सकाळपर्यंत कुणीतरी 'वाचलं' म्हणा."

वेळ, वस्तू, किती, कोण काय म्हणालं, मला काय वाटलं, तुमच्याकडून काय हवं आणि कधीपर्यंत. सात-आठ वाक्यांत संपतं. घटना आणि भावना दोन्ही लागतात, आणि हे माझ्या मनचं नाही. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या कठीण प्रसंगाबद्दल लिहिलं. ज्यांनी काय घडलं आणि काय वाटलं हे दोन्ही लिहिलं, त्यांच्या पुढच्या सहा महिन्यांतल्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी होत्या. नुसती घटना लिहिणाऱ्यांना तो फायदा मिळाला नाही.

आता कंटाळण्याचं. लोक दुःखाला कंटाळत नाहीत, तेच दुःख तसंच्या तसं पुन्हा ऐकायला कंटाळतात. सासूबाईंचं तेच वाक्य महिनाभर उगाळलंत तर मैत्रिणीही थकतील आणि तुम्हीही. अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये किशोरवयीन मुलामुलींवरच्या अभ्यासात वेगळंच दिसलं: एकच अडचण दोघींनी सतत घोळवली की मैत्री घट्ट असते, पण मनही जास्त खचलेलं असतं. एक गाऱ्हाणं दोनदा सांगा. तिसऱ्यांदा सांगावंसं वाटलं तर ते गाऱ्हाणं उरलेलं नाही, त्याचा कौल लावा.

चांगलंही सांगा, आणि त्याच दिवशी. फणस पहिल्यांदा कापा निघाला, लेकाने 'ळ' नीट म्हटला, बांगडा स्वस्त मिळाला. शेली गेबल यांच्या २००४ च्या संशोधनात असं दिसलं की चांगली बातमी कुणाला सांगितली आणि त्या माणसाने उत्साहाने आणखी विचारलं, की आनंद वाढतो, नातंही सुधारतं. म्हणून मैत्रिणीच्या बातमीला नुसता अंगठा देऊ नका. एक प्रश्न विचारा: कितीचा घेतलास? तिखलं केलंस की तळलास?

काही गोष्टी मात्र गटात नकोत. सासूबाईंचं आजारपण, नणंदेचं लग्न मोडल्याची गोष्ट, मुलाच्या शाळेचं नाव, घरात कधी कुणी नसतं ते. तुमचं दुःख तुमचं, ते सांगायचा हक्क आहे. दुसऱ्याचं गुपित तुमचं नाही. गायब होणारे मेसेज २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांवर लावता येतात, पण तोवर कुणी फोटो काढला तर काढला. कुणी पैसे, ओटीपी किंवा नको तसे फोटो मागितले तर तीन वर्षांची ओळख धरू नका. पैसे गेलेच असतील तर तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. आणि "कशातच अर्थ नाही" हे तुम्ही खरोखर त्या अर्थाने लिहिलं असेल, तर मैत्रिणींची वाट बघू नका. १४४१६ ही सरकारच्या टेलिमानसची, मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. शेजारचं एखादं माणूसही राखून ठेवा. रात्री रिक्षा बोलवायला फोनवरची मैत्रीण येऊ शकत नाही.

आता चव्हाटा. आमच्याकडे थोरले काका हा शब्द तलवारीसारखा वापरतात, आणि नेमका घरातल्या बायकांवर. पुरुषाने पारावर बसून पावसाची, पोराची, भावकीची रड सांगितली तर त्या गप्पा. बाईने चार मैत्रिणींना लिहिलं तर चव्हाटा. मला हे अजिबात मान्य नाही. आपल्या दक्षिण कोकणात चव्हाट्यावरही देव आहे, तिथेही नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात, चारचौघांत, मोठ्याने. त्याची कुणाला लाज वाटत नाही. शिवाय पाच बायकांचा बंद गट म्हणजे चव्हाटा नव्हेच. नणंदेला हे सांगा, पण भांडून नको, सोलं वाळवताना सांगा.

सोलं टाकली नसतील ना? पांढरी बुरशी धरलेली वेगळी काढून फेका. नुसती भिजलेली असतील तर निथळून घ्या, ताज्या आगळात, म्हणजे कोकमाच्या रसात, किलोला शंभर-दीडशे ग्रॅम मीठ घालून रात्रभर बुडवा, सकाळी कडक उन्हात पसरा. ऊन नसेल तर चुलीवरच्या माळ्यावर. ते पुट पहिलंच समजा आणि पुढची पुन्हा द्या. रंग थोडा काळपट येईल, सोलकढीला चालतील.