गोलकिक, हँड आणि पेनल्टी: बॉल खेळात येतो तो नेमका कधी?

तुमचा फुटबॉलचा प्रश्न असा: गोलकीपरने गोलकिकसाठी (समोरच्या संघाने बॉल गोलरेषेबाहेर घालवल्यावर बचाव करणाऱ्यांना मिळणारी किक) ठेवलेला बॉल पायाने जवळच्या डिफेंडरकडे सरकवला. किक आपल्याला मारायची आहे असं समजून डिफेंडरने तो हाताने उचलून पुन्हा नीट ठेवला आणि रेफ्रीने पेनल्टी दिली. शिट्टी वाजलीच नव्हती, मग खेळ सुरू कसा झाला?

रेफ्री बरोबर होता. गोलकिक, कॉर्नर, थ्रो-इन आणि बहुतेक फ्री किकना शिट्टी लागतच नाही. किक-ऑफला, पेनल्टीला, कार्ड किंवा बदली खेळाडूनंतर, फ्री किकसमोरची खेळाडूंची भिंत मागे घ्यायला लावली असेल तर लागते. पण तिथेही शिट्टी म्हणजे फक्त परवानगी. लाथ बसून बॉल स्पष्ट हलला की तो खेळात आला.

हुबेहूब हेच 6 नोव्हेंबर 2024 रोजी चॅम्पियन्स लीगमध्ये घडलं. अ‍ॅस्टन व्हिलाचा गोलकीपर मार्टिनेझ याने गोलकिक डिफेंडर टायरोन मिंग्जकडे सरकवली, मिंग्जने बॉल हाताने उचलला, क्लब ब्रूजला पेनल्टी मिळाली. ब्रूजच्या वानाकनने गोल केला आणि सामना 1-0 असा तिथेच ठरला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आर्सेनल-बायर्न सामन्यात आर्सेनलचा गोलकीपर राया याच्या पासवर डिफेंडर गॅब्रिएलने जवळपास असंच केलं, पण पेनल्टी दिली गेली नाही आणि बायर्नवाले खवळले. नियमाच्या दृष्टीने ब्रूजचा निर्णय पक्का आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

गोंधळ होतो तो जुन्या सवयीमुळे. 2019 पर्यंत गोलकिक पेनल्टी बॉक्सच्या (गोलसमोरच्या मोठ्या चौकटीच्या) बाहेर गेल्याशिवाय खेळात येत नव्हती. आतच कोणी बॉलला हात किंवा पाय लावला तर किक पुन्हा. म्हणजे तुमच्या डिफेंडरला तेव्हा काहीच शिक्षा झाली नसती. 1 जून 2019 पासून ती अट गेली, स्वतःच्या बॉक्समधल्या फ्री किकचीही गेली. ज्यांचं बालपण जुन्या नियमात गेलं, त्यांच्या अंगवळणी अजून तेच आहे.

आता 'स्पष्ट हलला' म्हणजे काय? बॉलच्या डोक्यावर बूट टेकवून काढून घेतला तर ती किक नव्हे. जानेवारी 2009 मध्ये मँचेस्टर युनायटेड-चेल्सी सामन्यात रूनीने कॉर्नरला बॉलला हळूच पाय लावला आणि स्वतः निघून गेला. मग गिग्ज आला, बॉल घेऊन पुढे गेला, त्याने क्रॉस टाकला, रोनाल्डोने हेडरवर गोल केला. सहायक रेफ्रीचा झेंडा वर गेला आणि गोल रद्द झाला. पुढे 2016 मध्ये नियमात बॉल 'स्पष्टपणे' हलायला हवा हे शब्द आले, ते अशाच चलाखीला आळा घालायला. मला ही दुरुस्ती फार आवडते, कारण समोरच्या डिफेंडरला किक झाली हे दिसलं तर पाहिजे.

थ्रो-इन मैदानात शिरल्यावर खेळात येतो. आत शिरण्याआधीच जमिनीवर पडला तर त्याच संघाने पुन्हा टाकायचा. ड्रॉप बॉल, म्हणजे रेफ्री हातातून खाली सोडतो तो बॉल, जमिनीला लागल्यावर.

या क्षणाचं खरं महत्त्व कॉर्नरच्या वेळच्या ढकलाढकलीत कळतं. कॉर्नर मारण्याआधी डिफेंडरने फॉरवर्डला मिठी मारून पाडलं तर प्रेक्षक पेनल्टीसाठी ओरडतात. मिळणार नाही. बॉल खेळात नसताना फ्री किक किंवा पेनल्टी देता येत नाही. रेफ्री समज देईल, कार्ड दाखवेल, पण खेळ कॉर्नरनेच सुरू होईल. तीच मिठी बॉल हलल्यानंतर मारली की पेनल्टी. म्हणून चांगला रेफ्री आधी थांबवून दोघांना दटावतो.

तुमच्या प्रसंगात बॉल डिफेंडरऐवजी गोलकीपरनेच पुन्हा हातात घेतला असता तर पेनल्टी नव्हती, इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावरून थेट गोल धरत नाहीत) होती, कारण स्वतःच्या बॉक्समध्ये त्याला हात लावायची मुभा आहे. चूक फक्त दुसऱ्यांदा स्पर्श केल्याची. आणि त्याने सुरुवातीलाच बॉल पायाने न सरकवता हाताने डिफेंडरकडे दिला असता तर किक झालीच नसती, डिफेंडरने खुशाल उचलून ठेवावा. पोरांना सराव देताना हेच शिकवा: गोलकिक दुसऱ्याने मारायची असेल तर बॉल हाताने द्यायचा, पायाने नाही.