सातव्या लेव्हलला नवे नियम?

प्रश्न : आम्ही पाच जण खेळतो, मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फाशांवरच्या भूमिकांच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीची 2014 ची तिन्ही पुस्तकं माझ्याकडे आहेत. कॅम्पेन, म्हणजे आमची सलग चालणारी कथा, सातव्या लेव्हलला आलंय. मंक खेळणारी मैत्रीण 2024 चे नियम घेऊ म्हणून मागे लागलीय. पॅलाडिनवाला म्हणतो, कॅम्पेन संपेपर्यंत हात लावू नकोस. फायटर आणि क्लेरिक ‘तू ठरव’ म्हणून मोकळे झालेत. नवा संच घेण्यासारखा आहे का?

उत्तर : मैत्रीण का मागे लागलीय आणि पॅलाडिनवाला का अडून बसलाय, हे नवं पुस्तक चाळलं की लगेच कळतं. 2014 चा मंक म्हणजे चार फेऱ्यांत ‘की’ पॉइंट (त्याच्या करामतींचं इंधन) संपवून गपगुमान उभा राहणारा माणूस. नव्या नियमांत पळणं किंवा लढाईतून निसटणं त्याला बोनस ॲक्शनमध्ये (टर्नमधली एक जादा कृती) फुकट जमतं. नुसत्या हाताने मारण्याचा फासा तुमच्या सातव्या लेव्हलला जुन्या डी-6 (सहा बाजूंचा) ऐवजी डी-8 असतो. आणि पूर्वी फक्त बाण अडवता यायचे, आता तलवारीचा घावही बोथट करता येतो. ती हट्ट धरणारच.

पॅलाडिनचं नेमकं उलटं झालंय. जुन्या नियमांत तो एका टर्नमध्ये दोन वार करून दोन्हींवर स्माइट, म्हणजे वाराला जोडलेला दैवी तडाखा, चढवू शकत होता, आणि तुमच्या बॉसचा निकाल तिथेच लागायचा. आता स्माइट हा स्पेल (मंत्र) आहे, त्याला बोनस ॲक्शन लागते, म्हणजे टर्नला एकच. डीएम म्हणून मला हा बदल पटतो. पण चालू कॅम्पेनमध्ये, ज्या जोरावर माणसाने कॅरेक्टर सात लेव्हलं वाढवलं तोच जोर काढून घेणं मला आवडणार नाही.

क्लेरिकचं फार बोलायला नको : जखमा भरणाऱ्या क्युअर वूंड्स स्पेलला एकाऐवजी दोन डी-8, तो खूश. फायटरकडे मात्र नीट बघा. वेपन मास्टरीमुळे प्रत्येक शस्त्राला स्वतःची करामत मिळालीय. कुणी शत्रूला ढकलतं, कुणी आडवं पाडतं. ‘मी मारतो, फासा टाकतो, झालं’ याला कंटाळलेल्या खेळाडूसाठी हे छान आहे. पण पाडणाऱ्या शस्त्राचा वार लागला की दर वेळी शत्रूचा सेव्हिंग थ्रो (परिणाम टाळण्यासाठी टाकलेला फासा) येतो, आणि फायटर टर्नला दोनदा मारतो. तुमच्या लढाया आत्ताच रेंगाळत असतील, तर आणखी रेंगाळतील.

विकत घेण्याआधी नियम फुकट वाचता येतात. एप्रिल 2025 मध्ये नव्या नियमांचा एसआरडी 5.2 (मूळ नियमांचा मोफत दस्तऐवज) क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. त्यात मंक, पॅलाडिन असे बाराही क्लास आहेत, प्रत्येकाची एकेक सबक्लास (उपप्रकार) आहे, मास्टरी आहे, राक्षसही भरपूर आहेत. एक सुटी लढाई लावा, कॅम्पेनशी संबंध नसलेली, आणि दोघांनाही नवी कॅरेक्टरं खेळू द्या. पॅलाडिनवाल्याचं तोंड त्यानंतरही वाकडंच राहिलं, तर ‘प्लेअर्स हँडबुक’, म्हणजे खेळाडूंच्या नियमांचं पुस्तक, पुढच्या कॅम्पेनला.

तुम्ही न विचारलेली गोष्ट सांगतो. मी तुमच्या जागी असतो तर एकच पुस्तक घेतलं असतं, आणि तेही राक्षसांचं, ‘मॉन्स्टर मॅन्युअल’. 2025 च्या फेब्रुवारीत आलं. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. जुन्या नियमांच्या कॅरेक्टरांसमोर नवे राक्षस सरळ उभे करता येतात. लांडगा चावला की मध्यम आकाराचा गडी थेट आडवा, सेव्ह वगैरे नाही. फास्यांची एक फेरी वाचते. इनिशिएटिव्ह (लढाईत कुणाची पाळी आधी ते ठरवणारा आकडा) राक्षसाच्या स्टॅट ब्लॉकमध्येच, म्हणजे माहितीच्या चौकटीतच छापलाय. फक्त जुनं पुस्तक देऊन टाकू नका : नव्यात ऑर्कचा वेगळा स्टॅट ब्लॉकच नाही, आणि ऑर्कांच्या टोळीशिवाय तुमचं कॅम्पेन चालत असेल असं मला वाटत नाही.

‘डंजन मास्टर्स गाइड’ राहू द्या. पाचव्या लेव्हलपासून खेळाडूंना स्वतःचा गड बांधायचे बॅस्टियनचे नियम त्यात आहेत. तुमच्या मंडळींना घरदार, नोकरचाकर यांत रस असेल तरच घ्या.

प्रश्न : मी अजून एकदाही खेळलेलो नाही. ओळखीतले एक जण 2014 चं ‘प्लेअर्स हँडबुक’ फुकट देताहेत. घेऊ की नव्यासाठी थांबू?

उत्तर : घ्या. मात्र ज्यांच्याबरोबर खेळणार आहात ते कुठले नियम वापरतात, हे आधी विचारा. ते 2024 वर असतील, तर या पुस्तकातली कॅरेक्टर तयार करायची पद्धत जुळणार नाही : ॲबिलिटी स्कोअरची (ताकद, चपळाई वगैरेंचे आकडे) वाढ पूर्वी वंशावरून मिळायची, आता बॅकग्राउंडवरून (कॅरेक्टरचा पूर्वेतिहास) मिळते, आणि पहिल्याच लेव्हलला एक फीटही (खास कौशल्य) मिळतो. अशा वेळी कॅरेक्टर त्यांच्या पुस्तकावरून करा आणि हे पुस्तक हाफ-एल्फ या वंशासाठी ठेवा. नव्यात तो नाही, पण डीएम हो म्हणाला तर जुन्यातून आणता येतो.