तांबूस पाच रुपयाचं नाणं आणि लेकीच्या फीची एफडी

भांडुपच्या एका ताईंनी विचारलंय: सासूबाईंच्या देवघरात पाच रुपयांचं जुनं, जाड नाणं सापडलं. रंग चक्क तांब्यासारखा, वर्षाखाली हिऱ्याची खूण. फोटो ऑनलाइन टाकल्यावर एकाने सात लाख कबूल केले, पण नोंदणी आणि जीएसटीपोटी १८,५०० आधी भरायला सांगितले. त्यासाठी लेकीच्या अकरावीसाठी ठेवलेली ६०,००० ची एफडी मोडायची का?

ताई, एफडीला हात लावू नका. ज्याला नाणं विकत घ्यायचंय तो तुम्हाला पैसे देतो, तुमच्याकडून मागत नाही. घरातलं एक नाणं विकायला कुणाच्या यूपीआयवर आगाऊ जीएसटी भरावा लागत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीरपणे बजावलं होतं की आपलं नाव आणि चिन्ह वापरून काही जण जुनी नाणी-नोटांच्या व्यवहारात फी, कमिशन, कर मागतायत. बँक असे व्यवहार करत नाही आणि पैसे गोळा करायचा अधिकारही तिने कुणाला दिलेला नाही. तरीही हे फोन थांबलेले नाहीत. मला राग येतो तो याचा की त्यांना नेमकी फीची, लग्नाची, औषधपाण्याची ठेव मोडायला लावता येते.

आता नाण्याकडे वळू, कारण तुमची उत्सुकता रास्त आहे. हिऱ्याची खूण म्हणजे ते आपल्या फोर्टातल्या टांकसाळीत पाडलेलं. मुंबईच्या नाण्यांवर ती सर्रास असते, दुर्मीळ मुळीच नाही. १९९२ पासून आलेलं जाड पाच रुपयांचं नाणं तांबं आणि निकेलच्या मिश्रधातूचं असतं, त्यात तीन चतुर्थांश तांबंच. दिसायला पांढरं, पण समईची धग, तेल-कुंकू, चिंचेने घासणं असं वर्षानुवर्षं चाललं की त्याच्यावर तांबूस किंवा जांभळट झाक चढू शकते. नायगाव-भाईंदरच्या खाडीपुलावरून लोक ट्रेनमधून पाण्यात नाणी टाकतात. तिथून काढलेली काही नाणी मी हातात घेऊन पाहिली आहेत. काळी, हिरवट, एक तर मोरपंखी. व्यवहारात त्यांची किंमत तेवढीच, जेवढी त्यांच्यावर छापलेली.

शिवाय मुद्दाम तांब्याचा मुलामा देऊन 'चुकीचं नाणं' म्हणून विकणारेही आहेत.

टांकसाळीतली खरी चूक म्हणजे दुसऱ्याच नाण्याची चकती या साच्याखाली जाणं. अशा नाण्यांना संग्राहक खरंच जास्त पैसे मोजतात. पण मग वजन, जाडी किंवा व्यास यातलं काहीतरी बदलायला हवं, नुसता रंग नाही. म्हणून कोपऱ्यावरच्या सराफाकडे जा आणि दोन दशांशांपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर वजन करून घ्या. या नाण्याचं वजन ९ ग्रॅम, व्यास २३ मिलिमीटर. भिंगातून कडा बघा: घासलेल्या जागी आतून पांढरा धातू दिसला तर तांबूसपणा वरवरचा. २००७ नंतरची पाच रुपयांची काही नाणी स्टीलची आहेत, त्यांना चुंबक चिकटतो. तसं एखादं तांब्याच्या रंगाचं मिळालं आणि चुंबकाला चिकटलं, तर आत स्टीलच आहे. रंग बघून फसायला होतं, कारण पिवळं पाच रुपयांचं नाणं २००९ पासून सरकारनेच काढलंय, आणि दहाच्या नाण्यात कडा सोनेरी तर विसाच्या नाण्यात मधला भाग सोनेरी.

एक विनंती, नाणं पितळेच्या भांड्यांसोबत पुन्हा घासू नका. खरोखर वेगळं निघालं तर घासल्याने किंमत पडते.

एफडी मुदतीआधी मोडली की व्याजात कपात होते, ते नुकसान छोटं. मोठा धोका हा की १८,५०० गेले की 'आयकर क्लिअरन्स', मग 'कुरिअर विमा' अशी मागणी वाढत जाते, आणि आधीचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून माणूस पुढचेही भरतो. काही भरलं असेल तर आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, चॅट आणि व्यवहाराची पावती पुसू नका. भरलं नसेल तर त्याला उत्तरच देऊ नका. आधार, पॅन पाठवलं असेल तर बँकेला कळवून ठेवा.

वजनात अर्ध्या ग्रॅमहून जास्त फरक निघाला तर नाणं घेऊन एखाद्या जाणत्या नाणे-व्यापाऱ्याकडे जा, समोरासमोर दाखवा, आणि दोघांचं मत घेतल्याशिवाय हातातून सोडू नका. वजन ९ च्या आसपास भरलं तर ते सासूबाईंच्या ताम्हनात परत ठेवा. आणि एफडी जूनपर्यंत आहे तशी राहू द्या.